गणपुल्यांनी पाडलेली भिंत

रेल्वेच्या पुलांवर हयात घालवलेल्या माणसाला पुलांबद्दल कोणी काही विचारत नाही. पूल पडला तर चौकशी होते, आणि माझ्या हातचा सुदैवाने एकही पडला नाही. मला लोकांनी आयुष्यभर विचारलं ते घरांबद्दल. सत्तरच्या दशकात बदली होऊन आम्ही लखनौला मानकनगरच्या रेल्वे कॉलनीत राहायला गेलो, आणि शहरातल्या मराठी मंडळींत बघता बघता बातमी पसरली की भागवत नावाचे एक सिव्हिल इंजिनिअर आले आहेत. त्यानंतर माझी पत्नी कुसुम कुठेही हळदीकुंकवाला गेली की येताना कोणाच्या तरी न्हाणीघरातली ओल बरोबर घेऊन यायची.

मी परोपरीने सांगून पाहिलं की मी पुलांचा माणूस, मला घरातलं फारसं कळत नाही. कोणाला ते पटायचं नाही. एवढी मोठी गाडी ज्याच्या भरवशावर नदी ओलांडते, त्याला आमच्या माडीचं काय कठीण, असा त्यांचा सरळ हिशेब असे. मग रविवारी सकाळी स्कूटर काढायची, पोहे किंवा उपमा खायचा, आणि वर बघून मान हलवायची. मी बहुतेक वेळा 'नाही' म्हणत असे. खिडकी मोठी करू का? नाही. गच्चीवर आणखी एक खोली चढवू का? नाही. इंजिनिअरच्या 'नाही'ला काही खर्च येत नाही आणि त्यात धोकाही नसतो, त्यामुळे ती सवय लवकर जडते.

छावणीतल्या एका मराठी कर्नलसाहेबांना व्हरांड्यातला एक खांब नको होता. तो त्यांच्या पत्ते खेळायच्या टेबलाच्या आड येत होता. त्यांनी मला बोलावून तो खांब डावीकडे सरकवायला सांगितलं, जणू तो त्यांच्या पलटणीतला जवान होता. त्या खांबावर अर्धा व्हरांडा उभा आहे असं मी समजावलं, तेव्हा त्यांनी खांब तिथे उभा करायचा हुकूम कोणी दिला होता ते विचारलं. शेवटी टेबल सरकलं. तिकडे शहराबाहेर बख्शी का तालाब गावच्या एका शेतकऱ्याच्या कोठाराला चीर गेली होती. ती जवळच्या कडुनिंबाच्या मुळांमुळे होती. झाड तोडा म्हणालो, आणि पुढच्या खेपेला बघतो तर त्याने झाड ठेवून कोठारच दुसरीकडे बांधलं होतं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत मला शहाणा वाटला तो हाच.

पण ही गोष्ट त्या दोघांची नाही, डॉ. गणपुल्यांच्या भिंतीची आहे. ती सांगण्याआधी भिंतीबद्दल थोडं सांगायला हवं.

बाहेरच्या माणसाला घराच्या सगळ्या भिंती सारख्याच वाटतात. तसं नसतं. काही भिंती नुसता आडोसा करतात. त्या उद्या काढल्या तर घराला पत्ताही लागत नाही. काही भिंतींच्या डोक्यावर छप्पर बसलेलं असतं. कोणती भिंत कसली हे ओळखायला भिंतीकडे बघून भागत नाही, वर बघावं लागतं. जुन्या घरात छताला लाकडाचे आडवे वासे असतात. लखनौला त्यांना कड्या म्हणतात. कड्यांची टोकं ज्या भिंतीवर टेकतात ती कामाची भिंत. ज्या भिंतीला कड्या समांतर जातात ती बहुधा रिकामी. लखनौची जुनी घरं लखौरी विटांची असत. बोटभर जाडीची चपटी वीट, चुना आणि विटांची भुकटी यांत बसवलेली, आणि भिंत अशी जाड की कोनाड्यात मूल बसावं. त्या घरात खांब-तुळया नसतात. जे काही वजन आहे ते भिंतच उचलते.

आमच्या वाई-साताऱ्याकडे उलटा प्रकार. तिथे लाकडी खांब उभे करून त्यांवर तुळया टाकायच्या, आणि खांबांमधली जागा मागाहून विटामातीने भरायची. भिंत काढली तरी माळा जागच्या जागी राहतो. खांब उभा आहे ना, मग भिंतीचं काय, अशी तिकडच्या माणसाची पक्की समजूत असते. तिकडच्या घरांपुरती ती अगदी बरोबर आहे. डॉ. गणपुले वाईचे होते.

गणपुले एका संशोधन संस्थेत शेवाळांवर काम करत. कुठल्याही भिंतीवरचं शेवाळ खरवडून ते त्याच्याबद्दल तासभर बोलू शकत, पण भिंतीच्या आत काय असतं याच्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. त्यांनी हुसैनगंजच्या एका गल्लीत जुनं घर विकत घेतलं होतं. आत आंगण, आंगणाला लागून दालान म्हणजे पुढून उघडा व्हरांडा, आणि दालानाच्या मागे खोल्या. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. बाई बुद्धीने लखलखीत आणि बोलायला सडेतोड. गणपुले त्यांना वचकून असत आणि त्यांच्यावर जीवही टाकत.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर वहिनींची रिक्षा उलटली आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात कमरेपासून पावलांपर्यंत प्लास्टर घातलं. दोन्ही पाय फाकवलेले आणि ते तसेच राहावेत म्हणून मधे आडवी काठी. अशा अवस्थेत त्यांना घरी आणलं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की जुन्या घराची दारं अरुंद असतात. स्ट्रेचर सरळ जाईना. चौघांनी ते तिरपं करून, उंबरठ्यावर हिसके देत वहिनींना आत घेतलं. कितीही दुखलं तरी कधी हूं की चूं न करणारी बाई त्या दिवशी गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली. मी तिथे नव्हतो, पण कुसुम होती, आणि घरी आल्यावर ती जेवली नाही.

पुढच्या एक्स-रे फोटोसाठी वहिनींना पुन्हा इस्पितळात न्यायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की हाड जुळायला लागलंय, आता हिसका बसला तर पाय कायमचा जाईल. गणपुल्यांनी ते ऐकलं आणि ठरवलं की बायकोला त्या दारातून परत न्यायचं नाही. खोली आणि दालान यांमधली भिंत फोडायची आणि खाट सरळ आंगणात जाईल एवढी वाट करायची. मला ते काही बोलले नाहीत. मी नाही म्हणेन याची त्यांना खात्री होती.

थंडीतला रविवार होता. सकाळी त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी मीनल सायकल मारत मानकनगरला आली. तिला मराठी समजायचं पण बोलायचा कंटाळा. धापा टाकत दारातूनच म्हणाली, "अंकल, आई बुला रही है. अभी. बाबांना बताना नहीं." काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, छतातून काहीतरी गळतंय, वाळूसारखं. मी मफलर गुंडाळला आणि स्कूटरला लाथ मारली.

दालानात गणपुले विटांच्या ढिगाजवळ उभे होते. डोक्याला पंचा, चष्म्यावर चुना, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला क्षणभर वाटलं, सगळं ठीकच असणार. शेजारी शकूर मिस्त्री हातात छिन्नी धरून अदबीने उभा होता. समोर भिंतीला भगदाड. एका टोकाला जुनं अरुंद दार, मग भिंतीचा एक पट्टा, आणि त्यापुढे हे नवं भगदाड, माणसाच्या डोक्याहून उंच. वर विटा दातांसारख्या लोंबत होत्या.

"भागवत, आलातच का. बरं झालं. बघा, खांब सापडला," गणपुले म्हणाले.

झालं असं होतं. पहिल्या दिवशी भिंत फोडताना प्लास्टरखाली लाकूड लागलं. उभं, जुनं, काळंभोर लाकूड. ते बघून गणपुल्यांना वाईचं घर आठवलं. म्हणजे इथेही खांब आहेत, आणि भिंत नुसतीच भरलेली. त्यांनी पुढे फोडायला सांगितलं. विटा सहज निघाल्या, वर काहीच हललं नाही, आणि त्यांची खात्री झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भगदाड रुंद केलं, मध्ये येणारं एक आडवं जाड लाकूड कापून टाकलं, आणि 'खांब' तेवढा आदराने शिल्लक ठेवला.

वास्तविक तो खांब नव्हताच. तिथे पूर्वी एक दार होतं, ते कोणीतरी कधीतरी विटांनी बुजवलं होतं. गणपुल्यांना सापडली ती त्या दाराची चौकट. पहिल्या दिवशी विटा सहज निघाल्या कारण त्या बुजवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कापलं ते दारावरचं आडवं लाकूड होतं, जे वरची भिंत तोलून होतं, आणि त्यानंतर फोडली ती खरी भिंत.

पुढे होऊन त्या खांबाला हात लावला आणि हलकेच ढकललं. तो हलला. ज्याच्यावर छप्पर आहे असा खांब हाताने हलत नाही. त्याच्या डोक्यावर बोट जाईल एवढी फट होती. गणपुल्यांनी ती फट पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

मी शकूर मिस्त्रीला विचारलं, तुम्हाला हे दिसलं नाही का? तो लखनौचा माणूस. मालकाचं म्हणणं खोडून काढणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. "अर्ज़ किया था साहब," तो खालच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर साहब ने फ़रमाया कि खंभा है. फिर हम क्या कहते." गणपुल्यांना त्याने अर्ज केल्याचं आठवतही नव्हतं. वाईचा मिस्त्री असता तर हातातली थापी टाकून घरी गेला असता, आणि मग कोणाच्याही लक्षात आलं असतं.

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. "भावजी, यांच्याशी मग बोला. आधी इकडे येऊन वर बघा."

मी अरुंद दारातून आत गेलो. वहिनी खाटेवर पडलेल्या, पांघरुणावर चुन्याचा बारीक भुगा. त्या गेले कित्येक आठवडे दिवसभर ते छतच बघत होत्या. त्यांनी बोटाने तिसरी कडी दाखवली. कडीचं भिंतीकडचं टोक खाली उतरलं होतं आणि तिच्यात आणि वरच्या छतात काळी रेघ दिसत होती. काल ही नव्हती, त्या म्हणाल्या. सकाळी केसाएवढी होती, आता नख जाईल. वर्गात फळ्याकडे बोट दाखवावं तसं त्यांनी ते दाखवलं.

कड्यांची टोकं त्याच भिंतीवर होती. गच्चीवर जुन्या पद्धतीचा हातभर जाड चुन्याचा थर. एवढं सगळं वजन आता जुनं दार आणि नवं भगदाड यांच्यामधल्या त्या एका अरुंद पट्ट्यावर आलं होतं. पट्ट्याला वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली होती आणि तिच्यातून चुन्याची पूड झिरपत होती. भिंत फोडली की वरच्या विटा आपल्याआपण कमानीसारखा आकार धरतात आणि काही काळ तग धरतात. त्या काळात बाजू भक्कम असाव्या लागतात. इथे एक बाजू भक्कम होती आणि दुसरी खचत चालली होती.

मी पुलाखाली उभा राहून अनेकदा घाबरलो आहे, पण तिथे माणसं पायांवर पळू शकतात. इथे खाली प्लास्टरमध्ये जखडलेली बाई होती. मी वहिनींना सांगितलं की तुम्हाला लगेच बाहेर काढायला हवं.

"कुठून?" त्यांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. भगदाडातून न्यावं तर वर विटा लोंबत होत्या. दारातून न्यावं तर स्ट्रेचर तिरपं करावं लागणार, आणि त्याचा एक धक्का त्या चिरलेल्या पट्ट्याला लागला तर सगळंच खाली. तरीही मी दार निवडलं. म्हटलं, जपून नेऊ, पायाला त्रास होईल पण जीव वाचेल.

"टेकू द्यायला किती वेळ लागेल?" वहिनींनी विचारलं.

"दुपार होईल."

"तोवर छप्पर राहील?"

मी खरं ते सांगितलं. राहील असं वाटतं, पण शब्द देता येणार नाही.

"मग टेकू द्या. मी हलणार नाही," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

मला राग आला. भावजी म्हणवून घेतो म्हणून काय झालं, मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हा हट्ट आहे आणि मूर्खपणा आहे. त्यांनी डोळे उघडले नाहीत. बाहेर गणपुले एक वीट उचलून त्या पट्ट्याकडे निघाले होते. भगदाड परत बुजवायचं त्यांच्या मनात होतं. आतून वहिनींनी हाक मारली. "अहो, मी इथे खाली आहे. भावजी सांगतील तेवढंच करा, आणि सांगतील तेव्हाच." गणपुल्यांनी वीट इतक्या हलकेच खाली ठेवली की तिचा आवाजही झाला नाही.

मग वाद घालायला वेळ नव्हता. खाट हळूहळू मागच्या भिंतीकडे सरकवली, तिथे कड्यांचं दुसरं टोक शाबूत होतं. शकूर मिस्त्री टालावर, म्हणजे लाकडाच्या वखारीत गेला. रविवारी वखार बंद असते, पण मालकाच्या घरी जाऊन त्याने कुलूप उघडवलं आणि हातगाडीवर सागाच्या सोटांच्या बल्ल्या, फळ्या आणि पाचरींसाठी शिसवी तुकडे घेऊन आला. गल्लीतल्या लोकांनी गाडी ढकलली. दारातून आत येताना प्रत्येक बल्लीला दोघांनी हात लावला, जेणेकरून पट्ट्याला धक्का लागू नये.

टेकू द्यायची रीत सांगतो. खाली जमिनीवर जाड फळी, वर कड्यांच्या खाली आडवी दुसरी फळी, आणि दोन्हींच्या मध्ये उभ्या बल्ल्या. बल्ली मुद्दामच थोडी आखूड ठेवायची. मग तिच्या बुडाशी दोन पाचरी समोरासमोरून सारायच्या आणि आळीपाळीने हातोडीने हलकेच ठोकत जायच्या. नवखा माणूस इथे चुकतो. त्याला वाटतं, छप्पर उचलायचं आहे. छप्पर उचलायचं नसतं, नुसतं हातात घ्यायचं असतं. जास्त ठोकलं तर छत वरून फाटतं. कमी ठोकलं तर टेकू नुसता शोभेचा राहतो. कळतं ते आवाजाने. बल्लीवर हाताने टक्क केलं की मोकळी बल्ली भद्द बोलते. तिच्यावर वजन आलं की आवाज आवळून येतो, तबला लावताना येतो तसा. पुलाखाली मी हा आवाज अनेकदा ऐकला होता. त्या दिवशी तो यावा म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो, आणि एरवी मी देवाच्या फारसा नादी लागत नाही.

पट्ट्याची चीर वाढते आहे की नाही हे कळणंही गरजेचं होतं. त्यासाठी चिरेवर आडवी काच चिकटवतात. भिंत जराही सरकली की काच तडकते. मी काच मागितली तेव्हा गणपुले पहिल्यांदा भानावर आले. ते आतून डबा घेऊन आले, सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळ ठेवायच्या काचपट्ट्यांचा. चिकटवायला प्लास्टर ऑफ पॅरिस गल्लीच्या तोंडाच्या दुकानातून आलं. बायकोच्या पायावर होतं तेच. त्या काचा लावताना त्यांचे हात अगदी स्थिर होते. आयुष्यभर तेच काम केलेलं. वरपासून खालपर्यंत त्यांनी काचा लावल्या आणि मागे सरून माझ्याकडे बघत उभे राहिले. शाबासकी द्यायची ती वेळ नव्हती, पण मी दिली.

पहिल्या बल्लीच्या पाचरी मी आणि शकूर मिस्त्रीने समोरासमोर बसून ठोकल्या. मीनल आईच्या उशाशी भिंतीला टेकून बसली होती, कितीही सांगितलं तरी उठली नव्हती. गणपुले बाहेरच्या बाजूने काचांवर नजर ठेवून होते. एक काच तडकली. फार बारीक आवाज झाला, पण सगळ्यांनी ऐकला. वरून मूठभर भुगा पडला. गणपुल्यांनी हात वर केला. मी ठोकणं थांबवलं. दुसऱ्या बल्लीकडे गेलो, मग तिसऱ्या. मग परत पहिलीकडे. भार एकाच जागी न घेता सगळीकडे थोडा थोडा घ्यायचा होता.

दुपार कलली तेव्हा शकूर मिस्त्रीने पहिल्या बल्लीवर उलट्या हाताने टक्क केलं आणि माझ्याकडे बघितलं. आवाज आवळून आला होता. दुसरीचाही. तिसरीचाही. "ले लिया साहब," तो म्हणाला. छप्पर बल्ल्यांनी घेतलं होतं. पट्ट्यावरचा भार उतरला होता आणि चिरेतून झिरपणारी पूड थांबली होती. मी तिथेच जमिनीवर बसलो. जीव इतका हलका झाला होता की मला हसू यायला लागलं. वहिनी मला म्हणाल्या, भावजी, आता चहा घ्या, आणि मीनलला ओरडून म्हणाल्या की आता तरी स्वयंपाकघरात जा.

संध्याकाळपर्यंत मी काचांसमोर स्टूल टाकून बसलो. एकही काच पुन्हा तडकली नाही. घरी गेल्यावर कुसुमने विचारलं, ओल होती का? मी म्हटलं, नाही, आज भिंत होती. त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो.

पुढचं काम सावकाश आणि रीतसर झालं. लोखंडाचे दोन जुने गर्डर आणले, दोन्ही बाजूंना दगडी बैठका केल्या, चिरलेला पट्टा काढून नव्याने बांधला आणि गर्डर भिंतीत सरकवून वरच्या विटांशी घट्ट केले. शकूर मिस्त्रीने ते काम असं सुबक केलं की मला भिंत गेल्याचं वाईट वाटलं नाही. एरवी वाईट वाटतंच. लखौरीची भिंत पुन्हा कोणी बांधत नाही. पाडली की तिचा मलबा रस्त्याच्या खड्ड्यात जातो. मी लखनौ सोडलं तोवर त्या गल्लीतली निम्मी घरं अशीच गेली होती.

टेकू काढायच्या दिवशी सकाळी आधी वहिनींना बाहेर आणलं. चौघांनी खाट उचलली आणि नव्या वाटेने सरळ, पाण्याने भरलेली कळशी न्यावी तशी, आंगणात ठेवली. हिसका नाही, तिरपं करणं नाही. मग मी आत जाऊन पाचरी एकेक करून सैल केल्या. वजन गर्डरवर उतरलं. गणपुल्यांनी नव्या बांधकामावर लावलेल्या काचा जशाच्या तशा राहिल्या. पुढे इस्पितळातला फोटो चांगला आला, प्लास्टर कापलं, आणि त्या उन्हाळ्यात वहिनी काठी घेऊन शाळेत जाऊ लागल्या, हेही इथेच सांगून टाकतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं. आंगणात ऊन आलं होतं आणि वहिनींनी तोंड वर करून डोळे मिटले होते. गणपुले सगळ्यांसाठी गरम जिलेबी आणायला गेले होते. मी खाटेजवळ वेताच्या मोढ्यावर बसलो आणि इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं. त्या रविवारी तुम्ही बाहेर का आला नाहीत? पायाची भीती वाटली?

"पायाची भीती होतीच," त्या म्हणाल्या. "पण पाय गेला असता तरी मी निभावलं असतं. मला बाहेर काढून ठेवलं असतं ना भावजी, तर हे आत गेले असते. आपण केलेलं आपणच निस्तरायचं म्हणून. तुम्ही अडवलं असतं तरी गेले असते, आणि त्या विटांखाली उभं राहून हातांनी भिंत धरली असती. मी ओळखते यांना. मी खाली आहे म्हटल्यावर मात्र हे एक वीटसुद्धा तुम्हाला विचारल्याशिवाय हलवणार नव्हते."

मला त्या रविवारी उचललेली आणि परत ठेवलेली ती वीट आठवली. मी त्यांना तोंडावर मूर्ख म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी उगाच गर्डरकडे बघत राहिलो.

गणपुले जिलेबीचा पुडा घेऊन आले. माझा चेहरा बघून त्यांना पुन्हा धास्ती वाटली. काय बोलणं चाललंय, काही बिघडलंय का, त्यांनी विचारलं.

"काही नाही हो," वहिनी म्हणाल्या. "भावजींना सांगत होते, इथे ऊन किती छान येतं. ही भिंत तुम्ही आधीच पाडायला हवी होती."